खरवडलेलं दव

आमच्या अण्णांनी जन्मात एकच झाड निरखून बघितलं आणि त्याचं पार वाटोळं करून ठेवलं. आता मी हे हसत सांगते. तेव्हा नुसतं ओरडावंसं वाटत होतं. बरं, ओरडावं तर ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस समोर मान खाली घालून बसलेला. मग ओरडायचं तरी कुणावर?

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. खाली एक लांबट खोली, तिच्या मागच्या भिंतीला जिना आणि कारंजं रंगवलेला पडदा, आणि वरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळं घरात मी आणि अण्णा असे दोघंच. फोटो काढणारे गावात पुष्कळ होते. अण्णांचं नाव होतं ते रिटचिंगसाठी.

आताच्या पोरांना हे सांगावं लागतं. त्या काळी स्टुडिओतली निगेटिव्ह चांगली तळहाताएवढी असायची. अण्णा ती एका उतरत्या मेजाच्या काचेवर ठेवायचे, खाली आरसा धरून खिडकीतला उजेड तिच्यातून वर घ्यायचे आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पांढरा दिसतो. तो टोकदार पेन्सिलीनं भरून काढायचा. चमकणारा पांढरा ठिपका निगेटिव्हवर काळा दिसतो. तो बारीक चाकूनं खरवडायचा. पेन्सिलीचं काम बिघडलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येतं. चाकूचं पुसता येत नाही, खरवडलं ते गेलं. एवढं ध्यानात ठेवा.

"माणूस कसा का असंना, भिंतीवर गेला की साफ दिसला पायजे," असं अण्णा म्हणायचे. मुरूम, तीळ, चामखीळ, भाजल्याचे डाग, सगळ्यांना त्यांच्याकडं एकच न्याय. लग्नाच्या पोरींना घेऊन आया यायच्या, जाताना दारात थांबून हळूच म्हणायच्या, "जरा बघा हं अण्णा." अण्णा नुसती मान हलवायचे. पुढच्या आठवड्यात पोरगी लोण्याची होऊन मिळायची.

आणि अशा माणसाच्या पोटी मी. लहानपणी मला देवी आल्या. जीव वाचला, तोंडाची चाळणी झाली. पण आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती चाळणी नाही. बाहुली घेतलेली मी, शाळेत बक्षीस घेणारी मी, पदवीच्या झग्यातली मी, सगळीकडं गाल कसे गुळगुळीत. कळायला लागल्यापासून मला त्या फोटोतल्या मुलीचा राग यायचा. आगाऊ कुठली! माझ्या नावावर जगत होती.

स्थळांचं तर विचारू नका. अण्णा फोटो पाठवायचे, मंडळी खूश होऊन बघायला यायची आणि पोहे खाता खाता एकदा फोटोकडं आणि एकदा माझ्याकडं बघायची. एका बाईनं तर सरळ विचारलं, "ही फोटोतल्या पोरीची थोरली भैन का?" मी आत जाऊन पोटभर हसले आणि मग पोटभर रडले. अण्णांना म्हटलं, "एकदा तरी आहे तशी पाठवा की. त्या लोकांचा हेलपाटा तरी वाचेल." अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या पोरीचा तसला फोटो मी काढू? हात झडतील माझं."

मग मी ठरवलं, लग्नाच्या बाजारात उभंच राहायचं नाही, शिकायचं. वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला बसले. आमचे सर भले गृहस्थ. गावातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायची जागा निघणार होती, तिथं त्यांनी माझ्याबद्दल बोलून ठेवलं होतं. अट एकच, त्या वर्षी प्रबंध पुरा होऊन पदवी हातात पाहिजे. ती जागा मिळाली की मी माझ्या पायांवर उभी, मग कुणाला तोंड दाखवायला नको आणि कुणाचे पोहे करायला नकोत. मला दुसरं काही नको होतं.

प्रबंधाचा विषय होता दवबिंदू. ही वीतभर उंचीची किडेखाऊ वनस्पती. पानं म्हणजे तांबूस दोरेच. त्यांच्यावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, चमकणारा थेंब. चिलटाला वाटतं मध आहे. ते येऊन बसतं आणि अडकतं. मग आजूबाजूचे केस त्याच्याकडं वाकतात आणि पान हळूहळू त्याच्याभोवती वळत जातं. कातळावरच्या दलदलीत झाडाला खायला काही नसतं, नुसतं पाणी असतं, म्हणून बिचारं हा उद्योग करतं. पान कसं वळतं, कशानं वळतं, हे मला लिहायचं होतं.

सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "चित्रं काढून आणू नका. चित्रं लोक पुस्तकातून उतरवतात. मला फोटो पाहिजेत. थेंब दिसला पाहिजे, किडा दिसला पाहिजे आणि पान वळताना टप्प्याटप्प्यानं दिसलं पाहिजे. फोटो असतील तर प्रबंध आहे, नाहीतर काही नाही."

विभागातला कॅमेरा एवढ्या जवळून काही टिपायचाच नाही. अण्णांचा जुना लाकडी कॅमेरा मात्र कामाचा होता. त्याचा भाता पुरा लांब ओढला की नखाएवढी वस्तू मागच्या काचेवर पंजाएवढी दिसायची. मी भीत भीत विचारलं. अण्णांनी आयुष्यात माणसांखेरीज कशाचा फोटो काढला नव्हता, त्यात निम्मी माणसं हळद लागलेली आणि काही मेलेली. म्हणाले, "झाडाचा फोटो? चल की! झाड तरी म्हणणार न्हाय, मला गोरं करा म्हणून."

गणपती उठल्यावर पावसाचा जोर उतरला आणि आम्ही निघालो. मलकापुरात माझी आत्ती राहायची, अण्णांची थोरली बहीण. तिच्याकडं मुक्काम करायचा आणि तिथनं आंबा घाटाच्या बाजूच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर जायचं, असा बेत. रत्नागिरीच्या एसटीच्या टपावर कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी बांधली आणि कॅमेरा अण्णांनी मांडीवर घेतला. वाटेत एकानं विचारलं, "पावणं, पेटी हाय का वो, भजनाची?" अण्णा म्हणाले, "व्हय, भाता हाय तिला."

सड्यावर चढलो तर वारं कानात शीळ घालत होतं. काळा कातळ, त्यावर घोट्याएवढं पाणी, पाण्यात गवत आणि सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांचे जांभळे पट्टे. तीही किडेखाऊच, पण तिचे सापळे चिखलात असतात, फोटोला दिसत नाहीत. एका खोलगट जागी, पाणी झिरपत होतं तिथं, दवबिंदूंची अख्खी वसाहत सापडली. ढगातून जरा ऊन आलं आणि सगळी जागा लकलकली. मला इतका आनंद झाला की मी चिखलातच गुडघे टेकले.

अण्णांनी गोणपाट अंथरलं, कोट काढून माझ्याकडं दिला आणि ते पाण्यात पालथे पडले. डोक्यावर कॅमेऱ्याचा काळा कपडा, त्यावर मी धरलेलं आत्तीच्या घरचं इरलं. बराच वेळ आत खुडबूड चालली होती. मग एक हात बाहेर आला. त्या हातात घडी घातलेला रुमाल होता आणि तो हात सरळ झाडाकडं निघाला.

"अण्णा! काय करताय?"

"पाणी पडलंय गं ह्याच्यावर. टिपून घेतो."

अण्णांची ही सवयच. फोटोआधी नवरीच्या नाकावरचा घाम ते असाच टिपायचे. मी ओरडले, "हात लावू नका! पाणी नाही ते, त्याचंच आहे, चिकट असतं!" अण्णा "बरं बरं" म्हणून रुमाल खिशात घालते झाले. थोड्या वेळानं कपड्याखालून आवाज आला, "ह्यात बघायचं काय असतं नेमकं?" मी म्हटलं, "ते केस, अण्णा. एकेक केस सुटा दिसला पाहिजे. केस गेले तर माझं सगळं गेलं." ते म्हणाले, "मग काळजी सोड. केसातच जन्म गेला माझा."

वाऱ्यानं झाड हलायचं आणि आमच्या कॅमेऱ्याला तर सेकंद-दोन सेकंद स्थिर पाहिजे. अण्णा झाडाला नवरीसारखं समजावत होते. "हं, हलू नगो. श्वास धर. आता बघ हिकडं." वारं क्षणभर पडलं की भिंगावरची टोपी काढायचे आणि लगेच लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चिलट आमच्या डोळ्यांसमोर पानावर बसलं आणि अडकलं. मग कॅमेरा हलवायचा नाही असं ठरलं. पान वळत होतं आणि अण्णा टिपत होते. भाकरी मी त्यांना पडल्या जागी भरवली. त्यांच्या पोटरीला जळू लागली, पायजमा रक्तानं भिजला, तरी माणूस हलला नाही. दिवस कलेपर्यंत पानानं चिलटाला पुरतं वेढलं होतं. अण्णा उठले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. "लई मोठं काम झालं बघ," म्हणाले. मला तेव्हा ते जगातले सगळ्यात चांगले फोटोग्राफर वाटले. अजूनही वाटतात, हीच तर पंचाईत आहे.

चिखलानं माखलेली मी तिकाटणी खांद्यावर घेऊन आत्तीच्या दारात आले, तर आत्ती बातमी घेऊनच बसलेली. गल्लीच्या तोंडाला एका कापड दुकानदाराचं घर होतं. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, घरात तो आणि त्याची म्हातारी आई. त्यानं मला जाता-येता बघितलं होतं आणि विचारणा केली होती.

"फोटो बिटो काय मागितलं न्हाय त्यानं," आत्ती म्हणाली. "तुला बघूनच म्हणतोय. आता तूच इचार कर. असलं तोंड बघून आपणहून म्हणणारा पुन्हा मिळंल का?"

माझं डोकं सटकलं. जिभेला हाड नाही हे माझं तेव्हापासूनचं. म्हटलं, "ह्या साली माझी एम.एस्सी. होऊ दे. झाली तर नोकरी करीन आणि परत माझ्यापुढं कुणी लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही झाली तर तू म्हणशील त्याच्यापुढं मुंडावळ्या बांधून उभी राहते. झालं?"

आत्ती अण्णांकडं वळली. "ऐकलंस न्हवं? शबूद हाय हा."

अण्णा पायाला हळद दाबत बसले होते. म्हणाले, "व्हय. पोरगी होणार पास. मी फोटो काढल्यात."

घरी येऊन अण्णांनी निगेटिव्ह धुतल्या. चिमट्याला लावलेली एक मी खिडकीशी धरून बघितली. केस न् केस सुटा आणि प्रत्येक केसाच्या टोकाला काळाभोर ठिपका. म्हणजे छापल्यावर प्रत्येक थेंब चमकणार. मी अण्णांना मिठीच मारली. लगेच छापूया म्हटलं, तर ब्रोमाईडचा कागद नाही. त्या दिवसांत कागदाची मोठी टंचाई होती. मुंबईहून येईल तेव्हा येईल. सरांना निगेटिव्ह तरी दाखवते म्हटलं, तर अण्णांचा नियम, गिऱ्हाइकाची असो की पोरीची, निगेटिव्ह दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. "प्रिंटचं माझ्यावर सोड. तू लिही," म्हणाले. मी लिहीत बसले. दसरा गेला, दिवाळी गेली. मी विद्यापीठातून यायचे तेव्हा अण्णा मेजावर वाकलेले असायचे. लग्नसराईचं काम असेल म्हणून मी चहा ठेवून वर जायचे.

संक्रांतीनंतर कागद आला. एक दिवस घरी आले तर अण्णा दारातच उभे. "ये, डोळं मीट," म्हणाले. हाताला धरून मला आत नेलं. मेजावर फोटो ओळीनं मांडले होते.

मी बघितले. गवत होतं. स्वच्छ, सुंदर, कोरडं गवत.

आधी वाटलं दुसऱ्या कुणाचे आहेत. मग पानाचं वळण ओळखलं. पान वळत होतं, पण कशाभोवती वळत होतं ते दिसत नव्हतं. चिलट नव्हतं. थेंब नव्हते. एकही नव्हता.

"केस बघ," अण्णा म्हणाले. आवाजात काय आनंद! "एक तुटू दिला न्हाय. दिवाळीपास्नं बसलोय ह्याच्यावर. दुकानातलं सगळं काम मागं ठेवलंय."

"अण्णा, थेंब?"

"काढलं की. एकेक करून काढलं. किडं बसल्यालं, ते बी घालवलं. लई घाण दिसत हुतं."

"कशानं काढले?"

माझ्या आवाजात त्यांना काहीतरी लागलं असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फोटोंकडं, मग मेजावरच्या चाकूकडं. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर भिंग लावून बसलेला. समोरच्याच्या तोंडावर काय लिहिलंय हे त्यांना लगेच वाचता यायचं. ते खाली बसले.

"का काढलेत हो?" मी ओरडले. "सांगितलं होतं ना, त्याचंच आहे म्हणून!"

त्यांनी एक निगेटिव्ह जवळ ओढली. मग म्हणाले, "उजेडाला धरली न् बघितलं, तर सगळ्या अंगावर ठिपकंच ठिपकं. देवी आल्यागत. असलं कसं लोकांपुढं ठेवायचं म्हटलं. हात ऱ्हायला न्हाय गं माझा."

ज्या हातानं माझे गाल वर्षानुवर्षं भरले त्याच हातानं हे केलं होतं, आणि त्याच मायेनं केलं होतं. शिव्या द्यायच्या तर कुठल्या हाताला द्यायच्या?

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मी एकेक निगेटिव्ह पुसली. पेन्सिलीखालची चिलटं परत आली. थेंबांच्या जागी मात्र खरवडल्याच्या बारीक रेघा, खाली काही नाही. आता फोटोत काय, तर एका साध्यासुध्या गवतावर चिलट उगीच येऊन मेलेलं. मला हसू आलं, आणि ते थांबेना. अण्णा घाबरून पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून मी एकटी सड्यावर गेले. माहीत होतं, तरी गेले. कातळ तापला होता, पाण्याच्या जागी भेगा पडल्या होत्या, गवताचं चिपाड झालेलं. त्या खोलगट जागी मी बोटांनी माती उकरत बसले. दवबिंदू दिवाळीनंतर वाळून जातो आणि बी धुळीएवढं बारीक असतं. पाऊस पडेपर्यंत तिथं काहीही नव्हतं. मला प्रबंध फेब्रुवारीत द्यायचा होता आणि झाड आषाढाशिवाय उगवणार नव्हतं. मी त्या कातळावर बसून आभाळाकडं बघत मोठमोठ्यानं भांडले. ऐकायला कुणी नव्हतं, ते एक बरं.

सरांनी फोटो भिंगाखाली धरले. "हे काय आहे?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी करू." जागेचं विचारलं तर म्हणाले, "ते लोक थांबायचे नाहीत." ती जागा जूनमध्ये दुसऱ्या कुणाला मिळाली. सर तरी काय करणार?

त्या दिवसानंतर अण्णा मेजावर बसलेच नाहीत. चाकू आणि पेन्सिली फडक्यात गुंडाळून वर माळ्यावर टाकल्या. आया यायच्या, म्हणायच्या, "जरा बघा हं अण्णा." अण्णा म्हणायचे, "आता न्हाय जमत. जसा हाय तसा मिळंल." तसा फोटो कुणाला पाहिजे होता? गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं. दुपारी खाली आले तर अण्णा रंगवलेल्या कारंज्यापुढच्या खुर्चीत एकटेच बसलेले असायचे, फोटो काढून घ्यायला आलेल्या माणसासारखे.

"मी सांगतो आक्काला," ते एकदा आत्तीबद्दल म्हणाले, "आनी एक वरीस थांब म्हणून."

सांगायची वेळ आली नाही. आत्ती आली तेव्हा मी खाली बघितलं, त्या बंद पडत चाललेल्या दुकानाकडं, आणि म्हटलं, "शब्द माझाच होता. कर तयारी." आत्ती रडली. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी हसेल. तिलाही बहुतेक तसंच वाटलं होतं.

वैशाखात त्या कापड दुकानदाराशी लग्न झालं. जोडीचा फोटो आणि माझा एकटीचा फोटो अण्णांनीच काढला. भिंगावरच्या टोपीला हात घालून "हलू नगो" म्हणाले, सड्यावर झाडाला म्हणाले होते तसंच.

सासरी पुढच्या सोप्यात शिरताना समोरच्या भिंतीवर नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. गोड चेहरा, गाल असे की बोट निसटावं. कोपऱ्यात उठवलेला शिक्का बघितला आणि मला कळलं, आमच्याच स्टुडिओतला. मलकापूरची माणसं लग्नाच्या फोटोला कोल्हापूरलाच यायची, त्यात नवल काहीच नव्हतं. मी तिला नमस्कार केला.

नागपंचमीला अण्णा मला न्यायला आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर. सोप्यात बसून त्यांनी ती उघडली. माझा फोटो. सगळे व्रण जिथल्या तिथं. कपाळावरचे, गालावरचे, नाकाच्या शेंड्यावरचा तो खोल खड्डा. जन्मात पहिल्यांदा मी मला भिंतीवर टांगायच्या मापात बघितलं.

सासूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. "पावणं," त्या म्हणाल्या, "ह्यात काम कराचं ऱ्हायलंय जणू. आमच्या पहिलीचा बघा की कसा हाय." हा फोटोही ह्यांनीच काढलाय आणि तोही ह्यांनीच, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "हात लावला न्हाय बघ. जशी हाईस तशी." भेट द्यावी तसे म्हणाले. किती वर्षं मी हेच मागत होते.

आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात आलं, ह्या एका फोटोत पुसलं असतंत तर चाललं असतं की हो! नव्या घरात, त्या लोण्यासारखीच्या शेजारी, आजच तुम्हाला हे सुचायचं होतं? पण म्हणणार कुठल्या तोंडानं? मी "छान आलाय" म्हटलं आणि तसबीर उपडी करून ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. अण्णांनी ते बघितलं.

माझा नवरा मुळात कमी बोलणारा. वाईट माणूस नव्हता, अजिबात नव्हता. पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवून तो सोप्यात उभा होता, पहिलीच्या फोटोपुढं. मला वाटलं हार सरळ करतोय.

"ही अशी न्हवती," तो म्हणाला.

मी थांबले.

"हिच्या हनुवटीवर चामखीळ हुती. मोठी. मी चिडवायचो तिला." त्यानं हाराला हात लावला. "आता कुठल्या बाजूला हुती, ते ध्यानात येईना झालंय. रोज फोटो बघतो न्हवं, तर फोटोच डोळ्यापुढं येतो. तुझ्या अण्णांना इचारशील का? त्यांच्याकडं काच बिच असंल जुनी."

हा प्रश्न त्याला किती दिवस छळत असेल, कोण जाणे. मी त्याच आठवड्यात कोल्हापूरला गेले. मला ठाऊक होतं, चामखीळ काळी, म्हणजे पेन्सिलीनं भरलेली. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला की निघेल. वाटेत मला उगीचच बरं वाटत होतं. माझं नाही तर नाही, त्या बिचारीचं तरी काही परत मिळेल.

दुकानात फळ्या रिकाम्या होत्या. अण्णांनी सगळ्या निगेटिव्ह चांदी काढून घेणाऱ्या माणसाला देऊन टाकल्या होत्या. माझ्या दवबिंदूच्या तेवढ्या लग्नाच्या वेळी मी उचलून नेल्या होत्या, म्हणून राहिल्या. बाकीचं अख्खं गाव वितळून गेलं होतं.

मी त्यांना पहिलीबद्दल विचारलं. मलकापूरची, कापड दुकानदाराची, हनुवटीवर चामखीळ. अण्णांनी डोळे मिटले. उजवा हात वर आला, बोटांत पेन्सिल असल्यागत हवेत फिरला. एकदा डावीकडं थांबला, एकदा उजवीकडं. पुन्हा डावीकडं. मग हात मांडीवर पडला.

"मीच पुसली असणार," ते म्हणाले. "पर पुसल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाय, पोरी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते टिपलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो "असू दे" म्हणाला आणि दुकानात गेला. मी ट्रंक उघडली, साड्या बाजूला केल्या, तसबीर काढली. खलातला बत्ता घेऊन सोप्यात पहिलीच्या शेजारी खिळा ठोकायला लागले. सासूबाई आतून ओरडल्या, "आगं, तो कशाला लावतीस? लोकं काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणू देत," मी म्हटलं. "उद्या मी गेले, तर कुठला खड्डा कुठल्या गालावर होता, हे ह्यांना कुणाच्या दारात जाऊन विचारायला लागू नये."

खिळा जरा वाकडा बसला. तो अजून तसाच आहे.